टँकरशेठ, तुमचा दगड आमच्याकडे राहिलाय

रा. रा. टँकरशेठ यांस,


गेल्या मंगळवारी आपला टँकर आमच्या सोसायटीच्या चढावर उभा होता. पाणी सोडता सोडता तो सावकाश मागे सरकला आणि माझ्या स्कूटरला भिंतीशी टेकवून थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, गाडी परवाच पासिंग झालीय." केवढा धीर आला म्हणून सांगू!

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी आपली लगीनघाई मी गॅलरीतून पाहिली होती, म्हणून विचारतो. ते नवेकोरे टायर माहेरी परत गेले का? आणि मागचा लाल दिवा? तिथे आता लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण तारेनं बांधलंय. आतून मोहरी अजून चिकटलेली आहे.

कायद्यानं आपल्याला कमी सवलत दिली आहे असंही नाही. नव्या मालवाहू गाडीला नोंदणीपासून दोन वर्षं फिटनेस आयताच मिळतो. 2019 च्या दुरुस्तीपासून तर डीलरकडची नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओला दाखवावीही लागत नाही. पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा पासिंग, मग दरवर्षी. आपला टँकर दरवर्षीवाल्यांतला. म्हणजे एक दिवस फिटनेस, बाकी 364 दिवस सूट, असा अर्थ आपण लावलात.

(माझी स्कूटर खासगी. तिला पंधरा वर्षं कोणी हटकणार नाही, आणि आरसा तिलाही एकच आहे. पण तिच्या पाठीवर दहा हजार लिटर पाणी नसतं.)

उच्च न्यायालयानं डोळे वटारले तेव्हा कुठे आरटीओंनी 250 मीटरचे ब्रेक टेस्ट ट्रॅक बांधले. पुण्याजवळच्या दिवे गावच्या ट्रॅकवर आपला टँकर म्हणे जागच्या जागी थांबला. थांबणारच, सपाटीवर तो गुणी आहे. चढावर मात्र त्याला हँडब्रेक म्हणून दगड लागतो, आणि मंगळवारी तो लावायला क्लीनर विसरला. आपल्या खेपा पुण्यातल्या नवले पुलाच्या, अपघातांसाठी कुप्रसिद्ध उतारावरूनही जातात. तिथे दगड कोण लावतं?

असो. टँकर पुढे घेतल्यावर क्लीनरनं तो दगड लावला खरा, पण जाताना आमच्या फाटकापाशीच सोडला. वॉचमननं जपून ठेवलाय, घेऊन जावा. येण्याआधी एक फोन करा, म्हणजे मी स्कूटर हलवून ठेवतो.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा काका