पिंगळा

पिंगळा दोन प्रकारचा. एक झाडाच्या ढोलीत राहणारा, घुबडाचा धाकटा भाऊबंद, रात्रभर डोळे वटारून जागणारा. दुसरा कंदील घेऊन पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणारा. चिंचवडला आमच्या ताईकडे तिसरा आहे. नाव निनाद, वय 19. हा पिंग सांगतो.

पिंग म्हणजे आपल्या कॉम्प्युटरने सर्व्हरला हाक मारायची आणि तिकडून ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. निनाद व्हॅलोरंट हा बंदुकीचा ऑनलाइन खेळ खेळतो. खेळतो म्हणजे, खेळायची तयारी करतो. रात्री जेवून उठला की तो पिंगची काळी खिडकी उघडतो. तिच्यात आकडे ओघळायला लागतात, 11, 12, 11, 11, आणि हा जपाला बसल्यासारखा त्यांच्यासमोर बसतो. चिंचवडहून मुंबईच्या सर्व्हरला 11 म्हणजे लोकांनी नारळ फोडावा असा आकडा. याला 9 हवेत. समोरचं दिसून बोट हलेपर्यंतच माणसाचे 200च्या आसपास मिलिसेकंद जातात, असं मी एकदा सांगून पाहिलं. “मामा, ते नॉर्मल माणसाचं,” असं उत्तर आलं.

या दोन मिलिसेकंदांपायी घराची रया गेली आहे. त्याच्या खोलीतून एक निळी वायर निघते, देवघरासमोरून जाते आणि हॉलमधल्या राउटरला भिडते. ताई नैवेद्याचं ताट घेऊन ती ओलांडताना साडीच्या निऱ्या उचलते, ओढा ओलांडावा तशी. वायर यायच्या आधी, वाय-फायच्या काळात, रात्री मायक्रोवेव्हला बंदी होती. त्यात तथ्य होतं. मायक्रोवेव्ह आणि जुनं वाय-फाय दोघंही 2.4 गिगाहर्ट्झच्याच आसपास गलका करतात. पण वायर आली तरी बंदी काही उठली नाही. भावोजी अजून गार वरण खातात.

भावोजींचा खरा जीव गेला तो वेगळ्याच दिवशी. निनाद सहज म्हणाला, “बाबा, रजिस्ट्रीत थोडे बदल केलेत.” भावोजी ताटावरून उठले. फ्लॅटचे कागद कपाटात जागच्या जागी आहेत हे पाहूनच परत बसले.

ती रजिस्ट्री विंडोजची होती. तिच्यात शिरून निनादने नेगलचा नियम बंद केला होता. जॉन नेगल नावाच्या इंजिनियरने 1984 साली हा उपाय मांडला: एकेका ओळीची चिठ्ठी सुटी पाठवत बसू नका, थोडी वाट बघा, चार चिठ्ठ्या एका पाकिटात घाला. वाट बघणं आलं म्हणजे उशीर आला, म्हणून नियम बंद. तर्क बिनतोड. फक्त हा नियम टीसीपीचा. टीसीपी म्हणजे रजिस्टर पोस्ट, पोचपावती आल्याशिवाय पोस्टमनला चैन नाही. बंदुकीचे खेळ चालतात यूडीपीवर, आणि यूडीपी म्हणजे आपला पेपरवाला. खालून तिसऱ्या मजल्यावर पेपर भिरकावला, पडला तर पडला, तो पुढच्या बिल्डिंगला गेलासुद्धा. शत्रू मघाशी कुठे उभा होता याची शिळी बातमी परत पाठवून उपयोग काय? तर आमचा भाचा पोस्टाचे नियम बदलून पेपरवाल्याला पळवत होता. डीएनएस त्याने सहा वेळा बदललाय. डीएनएसचं काम पत्ता सांगण्यापुरतं. पत्ता विचारून झाल्यावर रिक्षा त्यामुळे जोरात पळत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, हे खरंच. पण निनादने लेव्हल लावून अंगण किती वाकडं आहे ते दशांशात मोजून ठेवलंय, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

आणि मी तरी कोण हसणार? कॉलेजात असताना आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो, 1.6. बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे कन्सोल उघडून ‘रेट 25000’ टाइप करायचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. आठही कॉम्प्युटर एकाच खोलीत होते. ज्याला मारायचं तो शेजारी बसून वडापाव खात होता.

तर परवा मी ताईकडे मुक्कामाला होतो. रात्री साडेदहाला आकडे सरळ चालले होते: 11, 11, 12, 214. मग 231. निनादने हेडफोन मानेवर ओढला आणि पोलिसांसारखा हॉलमध्ये आला.

“मामा, तुझा फोन काय करतोय?”

फोन चार्जिंगला होता आणि पुतण्याच्या मुंजीचे साडेसहाशे फोटो निमूटपणे वर चढवत होता. इतक्या वर्षांत न सापडलेलं दुखणं तिथे सापडलं. राउटर भिडस्त असतो, कुणालाच नाही म्हणत नाही. माझ्या फोटोंची पोती त्याने ठासून भरून घेतली आणि निनादच्या चिमूटभर गोळ्या त्यांच्या मागे उभ्या केल्या, खालापूरच्या टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे छोट्या गाड्या अडकाव्यात तशा. या विकाराला बफरब्लोट म्हणतात. आपण राउटरला झालेलं अजीर्ण म्हणू.

औषध सोपं होतं. राउटरमध्ये जाऊन, वर जाणाऱ्या वाहतुकीला लाइनच्या ताकदीपेक्षा जरा कमी मर्यादा घालायची आणि गेमला रांगेत पुढे घ्यायचं. आम्ही दोघांनी बसून ते केलं. घराची पंगत बसली: पहिल्या पंगतीला निनाद, मग टीव्ही, मग ताईचा व्हिडिओ कॉल. शेवटच्या पंगतीला भावोजी आणि माझा फोन.

दुसऱ्या रात्री आकडे बघायला मी मुद्दाम त्याच्यामागे खुर्ची टाकली. 11, 11, 11. तासभर रेघ हलली नाही. तासभर निनाद मरत होता. दारात मेला, जिन्यावर मेला, एकदा पाठमोऱ्या शत्रूवर पूर्ण मॅगझिन रिकामं करून, तो वळल्यावर मेला. पहिल्या दोन वेळा त्याने सवयीने “लॅग, भावा, लॅग” म्हटलं. पण पिंग सगळ्या टीमला दिसतं. हेडफोनमधून कुणीतरी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मग बराच वेळ दोघं-तिघं एकदम बोलत होते. मला शब्द कळले नाहीत, निनादचे कान मात्र लाल झालेले दिसले.

त्याने माइक म्यूट केला. माझ्याकडे न बघताच राउटरचं पान उघडलं, काहीतरी खोडलं.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “ते मुंजीचे फोटो अर्धेच चढलेत ना? चढव ना. आत्ताच चढव.”