उकिडवं बसून दाखव!

शाळा-कॉलेज उघडायच्या तोंडावर चंद्रपूरच्या गोल बाजारात माय, पोट्टा आणि दुकानदार असा तिरंगी सामना रंगतो. दुकानदार जीन्स उलगडतो. गुडघ्यावर वीतभर भोक.

"काहून भाऊ, हे तर फाटेल हाय!"

"ताई, फाटकी आहे म्हणूनच दोनशे जास्त."

पोट्टा मान खाली घालतो. लाज त्याला भोकाची नाही, मायची वाटते.

आता थोडा इतिहास, तोही फुकट. अमेरिकेतल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली: नवऱ्याच्या अंगावर पँट टिकत नाही, दणकट शिवून द्या. डेव्हिसनं ताण पडतो तिथं तांब्याचे रिव्हेट ठोकले. पुढं कापडवाल्या लेव्ही स्ट्रॉसला सोबत घेऊन २० मे १८७३ रोजी त्यानं त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे जीन्स जन्माला आली ती पँट फाटते या तक्रारीतून. दीडशे वर्षांनी तक्रार उलटी झाली: पँट फाटलेली का नाही?

लाकूडतोड्याची पँट सागाच्या मुलखात आली, हे रीतसरच झालं. पण आली ती इतकी घट्ट होऊन, की लाकूड तोडणं सोडा, पडलेला पेन उचलता येत नाही. बल्लारपूरचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला. मागं राहिलेले आमचे पोट्टेही सागासारखेच सरळसोट उभे. वाकायची सोयच नाही!

म्हणून निवडीची पहिली कसोटी. ट्रायल रूममध्ये आरशासमोर गिरक्या घेऊ नका, उकिडवे बसा. मोह वेचायचा असो, तेंदूचे पुडे बांधायचे असोत की एसटीची वाट पाहायची असो, हा मुलूख उकिडवाच बसतो. बसताना गुडघा आवळला, मागून कंबर उघडी पडली, की ती पँट दुकानदाराच्या हवाली करा.

दुसरी कसोटी वजनाची. इथं उन्हाळ्यात पारा ४५ ओलांडतो. १४ औंसाचं जाड डेनिम थंडीच्या देशांना लखलाभ; आपल्याला ८-१० औंसाचं पुरे. दुकानदाराला औंस विचारलेत तर तो विषय बदलून चहा मागवेल. तेव्हा चहा प्या आणि कापड चिमटीत धरून पाहा. आतल्या लेबलवर कापूस ९८ टक्के आणि इलास्टेन दोन टक्के असेल तर उत्तम. पॉलिस्टर अर्ध्यावर गेलं की पोट्टा आत उकडून निघतो. वाढत्या अंगाला कंबरेत आतून बटणाचं इलास्टिक आणि पायाशी दोन बोटं दुमड पुरते. "पुढल्या साली बसेल" म्हणून दोन नंबर मोठी घेऊ नका. पुढल्या साली पँट बसते, पण फॅशन उठलेली असते.

रंग उडालेलीच हवी? तो रंग उडवायला कामगार कापडावर वाळूचा फवारा मारायचे. तुर्कस्तानात ती धूळ फुप्फुसात जाऊन तरुण कामगार सिलिकोसिसनं मेले. २००९ साली तिथं बंदी आली. घुग्गुस-दुर्गापूरच्या खाणींशेजारी राहणाऱ्यांना धूळ काय चीज असते हे सांगायला नको. आणि नव्या पँटची जुनी करायची हौसच असेल, तर सुरजागडचं लोहखनिज भरून निघालेले ट्रक आहेतच. आलापल्ली-आष्टी रस्त्यानं मोटारसायकलवर एक चक्कर मारा, काम फुकटात होतं.

ती लाल धूळ अंगावर घेतलेली पँट मात्र थेट पाण्यात बुडवू नका. आधी कोरडीच झटका, मग धुवा. डेनिमच्या धाग्यावर नीळ वरवर बसते, गाभा पांढराच राहतो. मोगरीनं धोपटलंत की पँट दगडावर आणि नीळ नालीत. उलटी करा, चेन लावा, थंड पाणी, थोडा साबण आणि सावलीतली दोरी. आपल्याकडच्या उन्हात विसरलात तर रंगही जातो आणि ताणही.

लेव्हीजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ साली भर परिषदेत सांगितलं, की अंगावरची जीन्स त्यांनी वर्षभर मशिनीत घातलेली नाही. या गृहस्थांना मे महिन्यात भर दुपारी चंद्रपूर-ब्रह्मपुरी एसटीत बसवा. शेजारची सीट रिकामी राहील, याची हमी आमची.

पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की जाड जीन्स दिवसेंदिवस वाळत नाही. तशीच दमट चढवली की मांडीत नायटा. त्या दिवसांत साधी सुती पँट घालावी. फॅशन पुलापलीकडं वाट पाहील.

राहता राहिला ब्रँड. कापूस वरोरा-राजुऱ्याच्या शेतात पिकतो, डेनिमचा कारखाना शेजारच्या यवतमाळात आहे, तरी पोट्ट्याला पँट हवी ती इंग्रजी नावाची. हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की नावाची पट्टी कंबरेवर असते आणि पँट उसवते मांडीत. पैसे मोजण्याआधी तिथली टीप डबल आहे का ते पाहा.