वायफाय कॉलिंग, इयत्ता पहिली (मोहाडी शाखा)

साहित्य: एक स्मार्टफोन, रिचार्ज चालू असलेलं सिम, घरचं किंवा शेजाऱ्याचं वायफाय. शेजाऱ्याचं असल्यास त्याच्याशी न बिघडलेले संबंध.

पायरी पहिली. घरात रेंज नाही याची खात्री करून घ्या. मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर टिनाचं छप्पर असेल तर ही पायरी आपोआप पार पडते. आजवर आपण गच्चीवर चढून "आयकू येते का गा?" असं ओरडत आलो. पद्धत वाईट नव्हती. आत्याच्या घरचं भांडण आत्याच्या आधी गल्लीला कळायचं.

पायरी दुसरी. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या भागात 'वायफाय कॉलिंग' सुरू करा. एअरटेलनं ही सोय डिसेंबर 2019 मध्ये दिल्ली परिसरात आणली, जिओनं जानेवारी 2020 मध्ये देशभर. वेगळे पैसे नाहीत, वेगळं ॲप नाही. नवं काही दिसतच नाही, म्हणून सोय आल्याचं कित्येकांना अजून ठाऊक नाही.

पायरी तिसरी. इथेच बहुतेक जण नापास होतात. "मंग व्हॉट्सॲपवर 2015 पासून बोलतोच ना बाप्पा, वायफायवरच!" बोलता, खरं आहे. पण व्हॉट्सॲपचा कॉल ॲपमधून निघतो आणि ॲपमध्येच पोचतो. दोन्हीकडे तेच ॲप हवं, दोन्हीकडे इंटरनेट हवं. सिमच्या कंपनीला त्यातलं काही घेणंदेणं नाही, त्यामुळे रिचार्ज संपलं तरी गप्पा चालतात. वायफाय कॉलिंगमध्ये फोन टॉवरला बगल देतो आणि घरच्या वायफायवरून कंपनीच्या जाळ्यापर्यंत कुलूपबंद बोगदा खणतो. पुढे सगळा नेहमीचाच कॉल: तुमचा नंबर, तुमचं रिचार्ज आणि पलीकडे बटणाचा फोन असो की सरकारी कचेरीतला जुना लँडलाइन, घंटी वाजतेच. रिचार्ज संपलं की मात्र वायफाय कितीही धो-धो येवो, कंपनी दार उघडत नाही.

आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यानं दोन्ही वापरावं. साडीचा काठ नागपूरच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर दाखवावा आणि भावासाठी त्या गिऱ्हाइकाच्या सासूबाईंना वायफाय कॉलिंगनं गाठावं. त्यांच्याकडे बटणाचाच फोन असतो आणि भाव त्याच ठरवतात.

पायरी चौथी. बोलत बोलत चौंडेश्वरीच्या देवळाकडे निघालात, तर वायफाय सुटल्यावर कॉल टॉवरच्या फोर-जीवर उडी मारतो. तिथं रेंज असेल तर. नसेल तर तुटतो.

लाइट गेली की राऊटरही जातो. माझा पहिलाच कॉल असा ऐन वाक्यात मेला आणि पलीकडे आत्याला वाटलं, पोरानं रागानं फोन आपटला. समजूत काढायला गच्चीवरच जावं लागलं.

शिडी इतक्यात विकू नका.