टेरेसवाले काका

कोथरूड, बाणेर, ठाण्याचा घोडबंदर रोड, नाशिकचा गंगापूर रोड; जिथे जिथे बिल्डरने फ्लॅटला वीतभर उघडी गच्ची जोडून तिचे वेगळे पैसे लावले, तिथे तिथे हे काका आढळतात. बहुधा निवृत्त. गच्चीत एक सागवानी बाक, वेताच्या दोन खुर्च्या, लोखंडी झोपाळा आणि या सगळ्यांवरच्या गाद्या. हे सामान बसण्यासाठी आणलेलं आहे, असा लोकांचा गैरसमज असतो.

पाहुणा दारात आला की काका आधी त्याचं डोकं बघतात. केसांना खोबरेल दिसलं की त्याची रवानगी प्लास्टिकच्या स्टुलावर. पाठीच्या उशीवर तेलाचा डाग पडला की त्यावर धूळ बसते, आणि मग तो सात जन्म सोबत करतो. जीन्सच्या खिशाचे तांब्याचे खिळे सागवानावर ओरखडे काढतात, म्हणून तरुण मंडळी उभीच. हळदीला मात्र काका भीत नाहीत. पोह्यांची बशी कलंडली तर पाहुण्यापेक्षा तेच खुलतात. “साबण लावायचा नाही हं, लाल होईल! नुसत्या पाण्याने धुवायचं आणि उन्हात टाकायचं. हळद उन्हात उडते.” आणि ती खरंच उडते. पाहुण्याला वाटावं, आपण डाग पाडून उपकारच केले.

मे महिना हा काकांच्या परीक्षेचा. पुण्यात पाऊस जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो, पण काकांच्या गाद्या मे संपायच्या आतच दिवाणाच्या पेटीत गेलेल्या असतात, त्याही उलटून पालटून कडक ऊन दाखवून आणि कडुलिंबाचा पाला घालून. फोममध्ये ओल राहिली की वरून कोरडी दिसणारी गादी आतून बुरशीचं माहेरघर होते, हे त्यांनी सोसायटीत प्रत्येकाला सांगून झालंय. लिफ्ट बंद पडून अडकलेल्यांना तर दोनदा.

मग ताडपत्री. लोकांना वाटतं, घट्ट गुंडाळली की काम झालं. काका अशा लोकांकडे कणवेने बघतात. घट्ट बांधली की आत दमट हवा कोंडते, म्हणून खाली चार बोटं फट हवी. वर पाणी साचू नये म्हणून मधोमध पालथी बादली हवी. आषाढातल्या रात्री दोन वाजता छत्री आणि टॉर्च घेऊन ते बादली सरकली का बघायला जातात. काकू पांघरुणातूनच म्हणतात, “अहो, न्यूमोनिया झाला तर तुमच्यावर पण ताडपत्रीच घालू का?” “घाल, पण खाली फट ठेव,” असं उत्तर येतं.

आता हिशेब बघा. जून ते दसरा सामान ताडपत्रीखाली. थंडीत संध्याकाळी दव पडतं, गाद्या आत. उन्हाळ्यात अकरा ते पाच लोखंडाला हात लावणं अशक्य. उरलेला वेळ पारव्यांचा. आणि पारवे नसतील तेव्हा झोपाळ्याचा गंज पॉलिश पेपरने घासलेला असतो आणि रेड ऑक्साइड ओलं असतं.

माणसाचं ज्ञान मात्र अस्सल, हे कबूल करायला हवं. वेत फार सुकला की तडकतो, म्हणून एप्रिलमध्ये त्याला ओलं फडकं. बुरशीवर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर; पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, विषारी वायू होतो. सागवानाच्या अंगातच तेल असतं; उघड्यावर ते राखाडी पडतं, पण म्हणून कुजत नाही. हे काकांना पाठ आहे. तरीही राखाडी बाक त्यांना चालत नाही, कारण समोरच्या विंगमधून दिसतो! म्हणून दर दिवाळीआधी जवसाचं तेल.

त्यांच्या आयुष्यातला परमानंद शेजाऱ्यांनी दिला. त्यांनी मोबाइलवरून वेतासारखा दिसणारा स्वस्त प्लास्टिकचा सेट मागवला, आणि उन्हाने तो दोन उन्हाळ्यांत तडकला. नातू झाला तेव्हाही हे इतके हसले नव्हते, असं काकू सांगतात.

काकांच्या गच्चीत बसायला मिळेल ही आशा सोडा. त्यांचं बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, पण एक ऐका: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.