गिरणी ऑनलाइन आहे

आमच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चाळीस वर्षं तिथेच आहे. पण ती 'दिसत नाही', असा शोध काकांच्या पुतण्याला लागला, तोही दिवाळीच्या तोंडावर, ऐन भाजणीच्या गर्दीत. डब्यांची रांग सायकलच्या दुकानापर्यंत गेलेली आणि हा पठ्ठ्या मोबाइल नाचवत सांगतोय, "काका, नेटवर तुम्ही नाहीच आहात!" काकांनी भुवयांवरचं पीठ पुसलं आणि पुढचा डबा ओढला.

मग अस्तित्व सिद्ध करण्याचा सोहळा झाला. नकाशावाल्या कंपनीला म्हणे सलग व्हिडिओ लागतो. आधी रस्ता, मग पाटी, मग मालकाने स्वतः कुलूप उघडून दाखवायचं. काकांनी चार वेळा शटर वर-खाली केलं. दर वेळी कुणीतरी डबा घेऊन मधे यायचं आणि विचारायचं, "काय काका, आज बंद का?"

लंडनच्या डलिच भागात ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराला एवढा त्रास झाला नव्हता. त्याने २०१७ साली घरामागची शेड हॉटेल म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवली. दाढीचा फेस आणि ब्लीचच्या गोळ्या वापरून 'पदार्थां'चे फोटो काढले आणि ओळखीपाळखीच्यांकडून अभिप्राय लिहवून घेतले. काही महिन्यांत अख्ख्या लंडनमध्ये पहिला नंबर! तोवर तिथे एकही ताट वाढलं गेलं नव्हतं. तिथे नसलेलं हॉटेल पहिलं आलं, इथे असलेली गिरणी शटर उघडून दाखवत होती.

आपल्याकडेही २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस १९०००. निघालं तेव्हा ते ऐच्छिक होतं. खरं बोलायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पुतण्याने ठरवलंच होतं. त्याच्या नागपूरच्या हॉस्टेलमधल्या अकरा पोरांनी गिरणीला पाच-पाच तारे दिले. एकाने 'स्टाफ अतिशय विनम्र' असं लिहिलं. स्टाफ म्हणजे काका. गल्लीतल्या कुणीही तेवढ्यावरून चोरी पकडली असती. खरा अभिप्राय एकच आला, एका ताऱ्याचा: 'दळण जाडसर येतं.' काकांनी नाव न वाचताच डबा ओळखला. "लाडवाला रवाळ हवं, असं त्यांनीच सांगितलं होतं की!" पण हे तिथे लिहायचं कसं, ते काकांना येईना. पुतण्याने लिहिलं, 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार.' त्या बाई तेव्हापासून दुसऱ्या गिरणीत जातात.

पुढे रील आलं. पीठ संथ गतीने पडताना फार छान दिसतं, म्हणून एकाच शेराचं दळण तीनदा पाडलं. वेळेच्या रकान्यात पुतण्याने '२४ तास' लिहिलं. नाहीतर म्हणे आपण मागे पडतो. पहाटे दोनला फोन आला, "राजगिरा दळून मिळेल का?" काका म्हणाले, "मिळेल, पण आधी गिरणी धुवावी लागेल. तुम्ही येता का?" समोरच्याने दोन तारे दिले.

आता काका दुपारभर फोनवर उत्तरं देत बसतात. जात्याला टाकी घालायची कधीची राहिली आहे, त्यामुळे दळण खरोखरच जाडसर येऊ लागलंय. म्हणजे ती एक तारावाली तक्रार शेवटी खरी ठरली. बघणारे मात्र साडेबारा हजारांवर गेलेत. त्यातले काही टेक्सासातून 'घरपोच देता का' विचारतात. काकांनी त्यांनाही विचारलं, "डबा आणलाय का?"

माझा डबा परवापासून तिथेच आहे. स्टीलचा, कडी तुटलेली, झाकणावर लाल रंगाने आडनाव. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात तर काकांना एवढं सांगा: आत ज्वारी आहे, बाजरीवर घालू नका. फोन करून उपयोग नाही, तो लाइव्ह चालू असतो.