पुन्हा होती तिथे

थार खाली उतरली, पाहिलीत का वहिनी? पंक्चर नाही हो, चाकं बदललीत. कंपनीने दिली होती त्या उंचीवर आली परत. काल संध्याकाळी भाऊजी गॅरेजमधून घेऊन आले, गाडी लावली आणि एक अक्षर न बोलता आंघोळीला गेले. आमची धाकटी जाऊ डोळ्यांनीच म्हणाली, ताई, कोणी काही विचारू नका. नाही विचारलं. पण पोटात राहतंय थोडंच? जरा अशा जास्वंदीच्या बाजूला या. तिथे उभं राहिलं की आमच्या गॅलरीत ऐकू जात नाही.

गाडी आली तेव्हाचं कौतुक आठवतंय ना? पेढे तुम्हालाही दिले होते. सातपूरला बनणारी, आपल्या नाशकातली गाडी, म्हणून मामंजीसुद्धा खूश. त्यांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात पाटे बदलण्यात गेली. ते आल्याआल्या गाडीखाली वाकले आणि म्हणाले, पुढची चाकं सुटी-सुटी, मागे अखंड एक्सल, चारी बाजूंना स्प्रिंगा, काम चांगलं केलंय. कंपनी 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स सांगते आणि 650 मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणते. आता भाऊजी बँकेत. बँकेत जायला किती पाणी लागतं? गोदेला पूर आला तरी ती आपल्या कॉलेज रोडपर्यंत काही येत नाही.

पण ते ग्रुपवाले आहेत ना, रविवारी पहाटे उठून अंजनेरीला चहा प्यायला जाणारे. त्यांत कोणीतरी म्हणालं, तुमची गाडी अजून स्टॉकच, म्हणजे कंपनीतून आली तशीच? झालं. ‘स्टॉक’ हा शब्द आमच्या घरात महिनाभर असा उच्चारला जात होता, जसं काही मुलाचं लग्न जमत नाहीये. फोटोत बाकीच्यांच्या गाड्या वरचढ दिसतात म्हणे. मी म्हटलं, फोटो बसून काढा! माझं कोण ऐकतंय.

हायवेला कुठलंसं गॅरेज आहे, तिथे गेले. त्या पोराने सांगितलं, साहेब, दोन इंच उचलू, पूर्ण किट महाग पडेल, आपण स्पेसर टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. स्पेसर म्हणजे स्प्रिंगला लावायची जाड चकती, एवढंच. स्प्रिंग तीच, शॉकअप तेच. त्यावर टायर 265/70 चे, खाचाखाचांचे, चिखलाचे. संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हा खरं सांगू, मलाही रुबाबदार वाटली. पुढून तर जरा जास्तच उचलली गेली होती, नाक वर केल्यागत. ते नाक पहिल्याच रात्री नडलं. कसारा घाटात समोरचा प्रत्येक जण डिप्पर मारतोय आणि भाऊजी म्हणतायत, बघा, लोकांना गाडी आवडली. हेडलाइटचा झोत लोकांच्या डोळ्यांत जातोय हे आमच्या धाकटीच्या लक्षात आलं. ते तिने सांगितलं, तेव्हापासून दोघांत अबोला.

मग तो आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकरवरून उतरलं की पुढून टक्. तुम्हालाही ऐकू यायचा की, सकाळी नऊ वाजता. मामंजींनी गॅलरीतूनच निदान केलं. खाली आले, बाही वर केली, या भिंतीवर कोपर टेकवून हात खाली सोडला आणि भाऊजींना म्हणाले, हे बघ, शॉकअपची लांबी ठरलेली असते. गाडी नुसती उभी असतानाच तू तो बराचसा ताणून ठेवलायस. खड्डा आला की चाकाला खाली जायचं असतं, पण आता जायला जागाच उरली नाही. शेवटाला जाऊन आपटतोय तो. आणि मग हात तसाच ठेवून मला म्हणाले, सूनबाई, खडकाळ रस्त्यावर चाक वर जाण्याइतकंच ते खाली पोचणंही महत्त्वाचं असतं. जमिनीला टेकलंच नाही तर ओढणार कशाने?

मी मान डोलावली. माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या. पण तेवढं मात्र लक्षात राहिलं. हौसेने उंच केलेली गाडी खड्ड्यात चाक सोडते, आणि कंपनीची सोडत नाही.

भाऊजी कुठले ऐकतायत. लांब शॉकअप आणले. ते लावले तर टक् थांबलं, पण पुढच्या चाकांना जाणारे शाफ्ट तिरके झाले. त्या शाफ्टच्या तोंडाशी रबरी बूट असतो, तो कायम ताणलेला. एक दिवस फाटला आणि रिमच्या आतून सगळीकडे काळं ग्रीस. तो डाग अजून आमच्या फरशीवर आहे, वॉशिंग पावडर, रॉकेल, सगळं करून झालं. मग अलाइनमेंट. पुढचे टायर आतल्या कडेने टकले व्हायला लागले. अलाइनमेंटवाल्याने मशीनवर घेऊन सांगितलं, साहेब, माझ्याकडे फिरवायचं तेवढं फिरवून झालं, आता वरचे आर्म बदला. साडी घेतली की ब्लाउज, ब्लाउज शिवला की मॅचिंग परकर, मग तिच्यावर शोभेल अशी पर्स, तसं चाललं होतं वहिनी. फक्त यात प्रत्येक पर्स पंचवीस हजारांची.

आणि एवढं करून आत बसणाऱ्याचं काय? स्टीअरिंग पूर्ण कापलं की टायर आतून खर्रर्र घासणार. हायवेला त्या खाचांचा असा घों घों आवाज, की मागे बसलेल्याशी खुणेने बोलायचं. वळणावर गाडी झुलते. अॅव्हरेज पडलं ते निराळंच. त्यातही गंमत ऐका. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, पण मीटरला ते कळत नाही. मामंजींनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. मूळ टायर 255/65 चा, उंची 789 मिलिमीटर, नवा 828. पाच टक्के फरक. म्हणजे काटा पूर्वीइतकाच दाखवणार आणि गाडी पाच टक्के जोरात पळणार. किलोमीटरही तेवढे कमी मोजले जाणार. भाऊजींचा चेहरा जरा उजळला. म्हणाले, म्हणजे अॅव्हरेज दिसतं तेवढं वाईट नाहीये! बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

सासूबाईंचं तर विचारूच नका. न्हाणीघरातलं निळं स्टूल आठवतंय, एक पाय चिरलेला? ते गाडीत मागे कायमचं. सासूबाईंना बसायचं असलं की भाऊजी उतरणार, वळसा घालून येणार, स्टूल ठेवणार, एका हाताने स्टूल धरणार, दुसऱ्याने आईचं कोपर. सासूबाई पदर खोचून, दांडीला धरून, ‘विठ्ठला’ म्हणून वर. उतरताना परत तेच, उलटं. त्र्यंबकेश्वरला पार्किंगमध्ये लोक थांबून बघत होते. तिथून परत आल्या आणि जाहीर केलं, यापुढे मी एसटीने जाईन. पंचाहत्तरी ओलांडलीय, तिकीटही लागत नाही. मामंजींना काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्खी नोकरी सार्थकी लागल्यासारखे हसले.

आमचे हे वकील, त्यामुळे घरात कायदा निघायचाच. जेवताना यांनी सुरू केलं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीपुस्तकातल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड आला, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. भाऊजींनी घास तोंडात ठेवून बोटांवर मोजलं. स्प्रिंग, शॉकअप, टायर... अंगठ्याशी आले आणि थांबले. हे म्हणाले, उद्या अपघात झाला आणि विमावाल्यांनी याच बदलांवर बोट ठेवलं तर मी भांडेन कशाच्या जोरावर? वॉरंटीचंही तसंच. शाफ्ट गेला तर कंपनी विचारणारच ना, की बाबा, हा तिरका कोणी केला? त्यात त्यांचं काय चुकलं!

तरीही गाडी खाली आली नसती हो. आणली ती एका पोरीने.

थांबा, तसं काही नाही. जुलैमधली गोष्ट. ग्रुपचे सगळे वैतरणेच्या बाजूला चिखलात गेले होते. आमचा थोरला बरोबर होता, त्याने येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक. बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मधे उंचवटा, त्यात दगड. सगळ्यांत पुढे आमचे भाऊजी, कारण सगळ्यांत उंच गाडी त्यांची. वीस पावलं गेले आणि घर्रर्र करून बसले. मागच्या एक्सलच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियलचा, तो दगडावर टेकला. चाकं नुसती फिरतायत, चिखल थेट आमच्या पोराच्या शर्टावर.

आता मजा बघा. दोन इंच उचलली ती वरची बॉडी. मागचा एक्सल अखंड. तो चाकांना जोडलेला, स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. स्प्रिंग वाढवा, चकती टाका, काहीही करा, तो गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तोही वाढलेल्या उंचीच्या निम्मा. म्हणजे एवढ्या सगळ्या खटाटोपाने जिथे गरज होती तिथे मिळाले वीस मिलिमीटर. हे माझं बोटाचं पेर आहे ना, याहून कमी! बाकीची उंची सगळी फोटोत.

मागून एक जिम्नी आली. छोटी, पिटुकली, काहीही न बदललेली. क्लिअरन्स कंपनीचाच, 210 मिलिमीटर, म्हणजे थारपेक्षाही कमी. चालवणारी मुलगी पंचविशीची असेल. ती उतरली, वाट चालून बघून आली, चारही चाकांतली हवा कमी केली आणि चाकोरीत उतरलीच नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक बाहेरच्या काठावर, अशी हळूहळू, न घसरता निघून गेली. वजनाने गाडी थारपेक्षा कितीतरी हलकी, तेही कामाला आलं असणार. पलीकडे जाऊन परत चालत आली आणि भाऊजींना म्हणाली, काका, तुमच्यात हवा किती आहे? भाऊजींनी हवेला हातच लावला नव्हता. पेट्रोलपंपावर भरली तेवढीच! हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते, आणि ती कमी करायला एक रुपया लागत नाही, असं ती म्हणाली. ‘काका’ म्हणाली ते जास्त लागलं की फुकटची पकड, ते भाऊजींनाच विचारावं लागेल. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरवाल्याने पैसे मोजून घेतले आणि वर विचारलं, एवढी मोठी गाडी, मग अडकली कशी?

नाही, सरसकट नावं ठेवू नयेत. मामंजीही म्हणतात, जे खरंच डोंगरात जातात ते उचलतात, पण हिशेबाने. स्प्रिंग, त्याला जोडीचे शॉकअप, आर्म, शाफ्टचा कोन, सगळं एकत्र. आणि तेही शेवटी. त्याआधी चालवायला शिकतात, हवा सांभाळतात, खाली जाड पत्रा लावून घेतात. आमच्याकडे क्रम उलटा झाला. आधी उंची, मग आवाज, मग वकील, मग ट्रॅक्टर.

आता उतरवायची ठरली तर कंपनीचे शॉकअप कुठायत? लांबवाले लावले तेव्हा जुने त्याच गॅरेजमध्ये ठेवले होते, ते ‘गेले’. कुठे गेले ते विचारायचं नाही. पण नाशकात कंपनीच्या सामानाला तोटा नाही, नवी गाडी शोरूममधून थेट गॅरेजमध्ये नेणारे रग्गड आहेत. असाच एक पाथर्डी फाट्याचा मुलगा भेटला, पंधरा दिवसांपूर्वीची गाडी, शॉकअपवरचं स्टिकरसुद्धा तसंच. त्याने आपलं कोरं सामान भाऊजींना विकलं आणि भाऊजींचं सगळं किट, ते लांब शॉकअप, ते आर्म, निम्म्या किमतीत घेऊन गेला. मी म्हटलं, अहो, त्याला काही सांगितलंत का? तर म्हणे, सांगितलं ना, पण त्याला उंच हवीय. आमची धाकटी इतकी हसली, की अबोला तिथेच सुटला.

मोठे टायर मात्र त्याने घेतले नाहीत. आधीच मोठे लावलेत त्याने. पाच आहेत, स्टेपनी धरून. काल रात्रीपासून आमच्या तुळशीवृंदावनाला टेकून उभे आहेत आणि सासूबाई सकाळी प्रदक्षिणा घालताना त्यांच्याशी भांडत होत्या. गिऱ्हाईक मिळेपर्यंतच हो, फार तर दिवाळीपर्यंत. मी म्हणत होते, तुमच्या जिन्याखाली ती जुनी सायकल आहे ना, ती जरा भिंतीला लावली तर बसतील का तिथे? भाऊजी स्वतः उचलून आणतील. मला फक्त विचारून ठेव म्हणाले.