युद्धविरोधी निदर्शन (अकरा माणसांसाठी)

सुरुवात कापडापासून करावी. संघटनेचं नाव, घटना, कार्यकारिणी हे लोक आधी करायला जातात आणि नावावरच फुटतात. एकाला 'युद्धविरोधी' हवं असतं, दुसऱ्याला 'शांततावादी', आणि तिसऱ्या दिवशी दोन पत्रकं निघतात. कापडावर असला वाद होत नाही. चार मीटर पांढरा मांजरपाट घ्यावा आणि ओळखीच्या शिंप्याकडे जावं. फ्लेक्स टाळावा. एकदा छापलेलं युद्ध त्यावर बदलता येत नाही, शिवाय फ्लेक्स दिसला की लोक वाढदिवस कोणाचा ते शोधू लागतात.

कापडावर ठसठशीत अक्षरांत 'वरील हल्ले थांबवा' एवढंच रंगवून घ्यावं आणि त्याच्या आधीची जागा मोकळी सोडावी. तिथे देशाच्या नावाची पट्टी टिचबटणांनी बसते. हे शहाणपण आम्हाला उशिरा सुचलं. २००३ साली आमच्या पुण्याच्या गटाने 'इराक' थेट कापडावरच रंगवून घेतलं होतं. इराक एकदा आटोपलं की बॅनरचं काम संपलं, असा आमचा समज. पुढे २००६ मध्ये लेबनॉन आलं, तेव्हा इराकवर ठिगळ लावावं लागलं आणि त्यातूनच पट्ट्यांची कल्पना निघाली. आता पेटीत लिबिया, येमेन, युक्रेन अशा इस्त्री करून ठेवलेल्या पट्ट्या आहेत. काम झालं म्हणून पट्टी टाकून देऊ नये. लेबनॉनची २००६ ची पट्टी २०२४ मध्ये जशीच्या तशी लागली. गाझाची पट्टी मात्र धुवून धुवून विरली आहे. (गाझापट्टीची पट्टी हा विनोद प्रत्येक नवा सदस्य एकदा करतो. करू द्यावा.) सुदानच्या वेळी व्याकरणाची अडचण आली. तिथे देशाचंच सैन्य आणि त्याचंच निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलेलं, त्यामुळे 'वरील' बसेना. 'मधील' अशी जास्तीची पट्टी शिवून घ्यावी.

नोंदणी करायची असेल तर १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं लागतात. सात सह्या मिळतात. सातही जण एका वेळी एका जागी मिळत नाहीत, पण कायद्याला त्याची गरज नाही.

तारीख सहा ऑगस्ट, हिरोशिमा दिन. वेळ ठरवताना मात्र सांभाळावं. बॉम्ब सकाळी सव्वाआठला पडला. आमच्यातल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी दाखवून दिलं की जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणून इथे तेव्हा पहाटेचे पावणेपाच. त्यावर दुसऱ्यांनी हरकत घेतली की १९४५ मध्ये युद्धापायी हिंदुस्थानातली घड्याळं तासभर पुढे केलेली होती, म्हणजे इथल्या भिंतीवर तेव्हा पावणेसहा. यात दोन बैठका गेल्या. दोघेही बरोबर होते. निदर्शन संध्याकाळी सहाला ठेवलं, कारण त्या वेळी सभासदांची नातवंडं क्लासला असतात. नागासाकीसाठी वेगळा कार्यक्रम घेऊ नये. नऊ ऑगस्ट आपल्याकडे क्रांतिदिन, निम्मी माणसं तिकडे जातात. नागासाकी सहा तारखेलाच उरकावी लागते. दुसरा नंबर आल्यावर हे व्हायचंच.

जागा पुतळा बघून निवडू नये. घोडा आणि तलवार टाळायची म्हटली तर गावाबाहेर जावं लागेल. जंगली महाराज रस्त्यावर झाशीच्या राणीच्या पुतळ्याखाली आम्ही नि:शस्त्रीकरणाच्या घोषणा दिल्या आहेत, राणीसाहेबांची तलवार काही खाली आली नाही. गांधीजी स्टेशनाबाहेर आहेत, पण तिथे ऐकणाऱ्याला गाडी गाठायची असते.

परवानगीचा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये. चौकीत होणारा संवाद साधारण असा:

"काका, कुठल्या युद्धाला विरोध?"

"सगळ्याच."

"तसं नाही चालत. विषय एकच लिहा."

इथे वाद घालू नये. पेटीतली सगळ्यात वरची पट्टी लिहावी.

प्रचारासाठी शाळा उत्तम. मुख्याध्यापिकाबाईंना 'युद्ध' म्हणू नये, 'हस्तकला' म्हणावं. मग मुलांना सादाको सासाकीची गोष्ट सांगावी. हिरोशिमाची ही मुलगी किरणोत्सर्गामुळे ल्युकेमिया होऊन १९५५ साली बाराव्या वर्षी गेली. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते, म्हणून ती दवाखान्यात घड्या घालत बसायची. आपल्या शाळेत त्यांचे बगळे होतात, हरकत नाही. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा फार मन लावून करतात. एखादी मुलगी विचारते, "मग ती बरी का नाही झाली?" याचं उत्तर आधी तयार ठेवावं. आमचं व्हायचंय.

उपस्थितीचं गणित सोपं आहे. व्हॉट्सॲपवर दोनशे सभासद, निरोपाला अंगठे साठ, 'नक्की येतो' बावीस, आणि चौकात अकरा. त्यात एक फोटोग्राफर, तो कोणाचा तरी मेहुणा. वाईट वाटून घेऊ नये. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकट्या रोममध्ये तीस लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर होते, अशी गिनीजमध्ये नोंद आहे. हल्ला २० मार्चला झालाच. तीस लाखांना जे जमलं नाही ते अकरांना जमलं नाही, यात कमीपणा कसला? वयाचाही बाऊ करू नये. बर्ट्रंड रसेल १९६१ मध्ये अण्वस्त्रविरोधासाठी तुरुंगात गेले तेव्हा ८९ वर्षांचे होते. त्या हिशेबाने आमच्या कार्यवाहांच्या हातात अजून चौदा वर्षं आहेत.

निदर्शनानंतर चहा. यावर खर्चाची शंका काढणाऱ्याला सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांचं उदाहरण द्यावं. १९६२ साली हे दोघे खिशात पैसा न ठेवता दिल्लीहून पायी निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोचले. वाटेत सोव्हिएत संघातल्या एका चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चार पुडे दिले. चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांना एकेक द्या म्हणाल्या, आणि सांगा की बटण दाबायची इच्छा झाली तर आधी कपभर चहा करून प्या. जगातल्या सगळ्या निवेदनांत मला हेच मुद्देसूद वाटतं. आमच्याकडे चहावाला अकरांत पंधरा कप करून देतो.

आता अंतराविषयी. युद्ध जितकं लांब तितकं निदर्शन सोपं. हे सांगायला कोणाला आवडत नाही, पण मार्गदर्शनात हवं. २०२५ च्या एप्रिलात पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत पुण्याचीही होती. मे महिन्यात सीमेवर जे चार दिवस गेले, त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर अंगठासुद्धा उठला नाही. एकाचा गुडघा धरला होता, एकाचा भाचा जम्मूला होता. कोणी घाबरलं होतं, कोणी खरोखर संतापलं होतं, आणि कोण कुठलं हे कोणी कोणाला विचारलं नाही. कार्यवाह मात्र बॅनर घेऊन शिंप्याकडे गेले.

त्याने सवयीने कानावरची पेन्सिल काढली. "काका, या वेळी कुठलं नाव?"

"नाव नको," कार्यवाह म्हणाले. "बटणं तेवढी घट्ट करून द्या."

चाळीस रुपये झाले. पावती फाइलला लावली आहे.